जिल्ह्याचे शिंपले

आमच्या भागाचा वेगळा जिल्हा व्हायचा होता, तो झाला नाही. शिंपले झाले. जिल्ह्यासाठी तलावावर जो कार्यक्रम झाला त्यातूनच ते आले, म्हणून आमच्याकडे लहानथोर सगळे त्यांना 'जिल्हे'च म्हणतात. "पायात जिल्हा घुसला," असं रडत पोरगं घरी आलं की आई हळद शोधते. बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. हसू दे. त्याला अनवाणी तलावात उतरायचं नसतं.

गाव आमचं कंधारच्या दक्षिणेला, लातूर जिल्ह्याच्या हद्दीला खेटून. कचेरीचं काम निघालं की नांदेड गाठायचं, सोयाबीन विकायचं किंवा पोराला क्लासला घालायचं तर लातूर. साहेब रजेवर असला की एसटीचं भाडं पाण्यात. त्यामुळे नव्या जिल्ह्याची मागणी निघाली तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं. मागणीचे पुढारी रेवणसिद्धअप्पा. डाळमिलचे मालक, कृती समितीचे अध्यक्ष. सरपंच कुणीही होवो, ग्रामपंचायत भरते ती अप्पांच्या ओसरीवर.

मी सुमन. गावाच्या खालच्या अंगाला आम्हा बौद्धांची घरं आहेत, त्यांना नुसतं 'वस्ती' म्हणतात. तिथल्या अंगणवाडीची मी ताई. माझे मालक एसटीत कंडक्टर, घरी कमी आणि गाडीत जास्त. घरात राज्य माझ्या सासूचं, सरजाबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मला एरवी सुमन म्हणतात आणि रागावल्या की 'अंगनवाडी'.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि तलाव काठोकाठ भरला होता. अप्पांच्या डोक्यातून कल्पना निघाली. होऊ घातलेल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावानं आपापल्या विहिरीचं, तळ्याचं पाणी कलशातून आणायचं आणि आमच्या तलावात ओतायचं. सगळ्यांचं पाणी एक झालं की जिल्हाही एक होणार, असा हिशोब. कलश समितीचा, वरचा नारळ समितीचा, पाणी तेवढं ज्याचं त्यानं आणायचं. पुढाऱ्यांनी काठावरून पाणी ओतणं शोभत नाही, म्हणून अप्पांच्या जावयानं लांबच्या कुठल्याशा धरणावरची त्याची होडी ट्रकमध्ये घालून आणली. आमच्या तलावानं त्याआधी मासे धरणाऱ्या ज्ञानोबा भोयाच्या थर्माकोलच्या तराफ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं.

वस्तीलाही कलशाचं बोलावणं आलं. आमच्या पोरांनी लगेच नाक मुरडलं. कलश, नारळ आपल्यात नाही, आपण जायचं नाही. आत्याबाईंनी त्यांना गप्प केलं.

"पूजा त्येंची आसंल. पानी तर आपलं हाय न्हवं? जाऊ द्या की आपलं पानी तलावात."

त्यांचं म्हणणं समजायला त्यांचं लहानपण ठाऊक पाहिजे. त्यांचं माहेरही ह्याच वस्तीतलं. त्यांची आई ह्याच तलावाच्या काठाशी रिकामी घागर घेऊन बसायची. तलावाला हात लावायचा नाही. वरच्या आळीतली कुणी बाई येईल, तिच्या मनात येईल, तेव्हा ती लांबून घागरीत पाणी ओतायची. सरजा शेजारी उन्हात बसून असायची. पुढे वस्तीनं खपून स्वतःची विहीर पाडली आणि ते बसणं सुटलं, पण आत्याबाईंच्या मनातून ते कधी उठलं नाही. आता त्याच तलावात वस्तीचं पाणी मानानं ओतायला बोलावत होते. मला त्या दिवशी त्यांचा हेवा वाटला, खरं सांगते.

कार्यक्रमाला पांढरं लुगडं नेसून त्या गेल्या. इतरांचे कलश होडीत चढवत होते. ह्यांनी आपला दिला नाही. गुडघाभर पाण्यात उतरल्या, स्वतःच्या हातानं ओतला, तिथंच ओंजळभर पाणी प्यायल्या आणि होडीतल्या अप्पांना म्हणाल्या, "अप्पा, आमचं पानी तुमच्यात आलं. आता तुमचं आमच्याकडं येऊ द्या. वस्तीला नळ द्या."

अप्पांच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. समोर अख्खा भाग जमलेला. नाही कसं म्हणणार? "दिला!" म्हणाले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम आटोपला, होडी काठावर बाभळीखाली पालथी घातली गेली. तिच्या बुडाला काळपट, खरखरीत असं काहीतरी दाट चिकटलेलं होतं. पोरं ते खिळ्यानं खरवडायची.

नळ खरंच आला. निवडणूक जवळ होती म्हणून आला, पण आला. गावाच्या दोन्ही लाइनी टाकीवरून होत्या. आमची मात्र ठेकेदारानं टाकी वगळून थेट तलावाच्या पंपावरून ओढली, तीही बारीक पाइपाची. आम्ही तोंड उघडलं नाही. आत्याबाईंनी नळाला अंगणात ओटा केला, तो रोज सारवायच्या. प्लॅस्टिकच्या तोटीला चिंच लावून घासायला निघाल्या तेव्हा मी हसले. "हास," त्या म्हणाल्या. "तू नळाच्या गावातून आलीस. तुला काय ठावं?"

पुढच्या वर्षी तलावाचं पाणी पालटलं. एरवी हिरवट, गढूळ असणारं पाणी निवळत गेलं आणि हिवाळ्यात तर तळाचा दगड दिसायला लागला. लोक मुद्दाम बघायला यायचे. अप्पांनी चौकात बॅनर लावला, 'सर्व गावांच्या जलसंगमाने तलाव झाला निर्मळ', खाली हात जोडलेले अप्पा, कोपऱ्यात गॉगल घातलेला जावई. श्रेय घ्यायला ह्या माणसानं कधी उशीर केला नाही.

मग मासे कमी झाले. ज्ञानोबा भोयाच्या जाळ्यात माशांऐवजी बोटाच्या पेराएवढे काळे शिंपले यायला लागले, घोसच्या घोस, एकमेकांना चिकटलेले. जाळी फाटायची ती वेगळीच. शेवटी तो तराफा काठावर टाकून अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला निघून गेला. नंतर दगड दिसेनात, दगडांवर शिंपलेच. कडा पात्यासारख्या. गुरं पाण्यात पाय घालेनात. धुण्याला गेलेल्या बायका पायाला चिंध्या बांधून परत येऊ लागल्या. पाणी कमी होत गेलं तसे उघडे पडलेले शिंपले उन्हात कुजले आणि अख्ख्या गावाला वास सुटला. चौकातला बॅनर एका रात्रीत निघाला. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही.

आणि आमचा नळ बंद पडला. आधी करंगळीएवढी धार झाली, मग थेंब, मग नुसती फुसफूस. वरच्या आळीत पाणी येत होतं.

आता सांगा, आम्ही काय समजायचं? ज्यांच्या आज्या घागर घेऊन काठाशी बसल्या, त्यांनी काय समजायचं? पाइपात काही अडकलं असेल, हे कुणाच्याही मनात आलं नाही. गावानं मुद्दाम लाइनीचा वॉल बंद केला, एवढंच प्रत्येकाच्या तोंडी. सगळी वस्ती ग्रामपंचायतीवर गेली. नळ सोडणारा भुजंग दारातच सापडला. पोरांनी त्याची गचांडी धरली.

"बाबासायबाची आन घेऊन सांगतो," तो घाबरून ओरडला. त्याच्या तोंडी ही शपथ मी पहिल्यांदा ऐकली. "वॉल फुल्ल खोलेला हाय! खोदा, बघा!"

खोदलं. भुजंगनं पाइप कापला. आत शिंपलेच शिंपले, सुतळी जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती. ह्या एका वेळी गावानं आमच्यावर अन्याय केला नव्हता आणि नेमकं त्याच वेळी आम्ही भांडायला गेलो होतो. पोरांनी भुजंगची माफी मागितली. त्यानं ती घेतली, गावानं नाही घेतली.

दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. वॉल बंद केल्याचा आळ घेतात काय? मग तलावात हे आलं कुठून ते सांगा. वस्तीचा कलश पडला आणि तलाव नासला. इतर गावांचे कलश होडीतून विधीनं ओतले, हिनं आपल्या हातानं पाण्यात उतरून ओतला. वस्तीच्या विहिरीतच ही कीड असणार. किराणा दुकानात मलप्पा माझ्या देखत एका गिऱ्हाइकाला हे सांगत होता आणि मला तेलाची पिशवी देत होता. जुनाच विटाळ, फक्त त्याला आता टरफल आलं होतं.

मधे नांदेडच्या कॉलेजातल्या रुद्राणी मॅडम तलाव बघायला आल्या. त्यांनी पाणी बाटलीत घेतलं, शिंपले डबीत घेतले आणि मग बाभळीखालच्या होडीशी बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. तिच्या बुडाला अजून टरफलं चिकटलेली होती.

"हे आपल्याकडचे शिंपले नाहीत," त्या अप्पांना म्हणाल्या. मी तिथंच होते. "होडीबरोबर आलेत. आणि पाणी निवळलं म्हणून तुम्ही खूश होता, पण पाण्यातलं माशांचं खाणं ह्यांनी संपवलंय. कलशाचा ह्यात काही संबंध दिसत नाही."

"बघू की," अप्पा म्हणाले. मॅडमना चहा पाजला, शाल दिली. मॅडमची गाडी फाट्यावर पोचली नसेल तोवर होडी ट्रॅक्टरवर चढवून जावयाकडे रवाना झाली. आता दाखवायला होडीच नव्हती. मी ग्रामसभेत मॅडमचं म्हणणं सांगितलं, तर लोक म्हणाले, कुठली होडी?

त्या साली पावसानं दडी मारली होती. पोळा कोरडा गेला, दिवाळीला नाले कोरडे. तलावात खाली थोडं पाणी उरलं होतं आणि आमच्या विहिरीत जेमतेम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरेल एवढं. गावाच्या लाइनींतही आता शिंपले धरायला लागले होते. अशात तालुक्याहून पाइप साफ करायचं यंत्र येणार असं ठरलं. आधी कुणाची लाइन, यावर ग्रामसभा बसली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "वस्तीची लाइन करायला आपली ना न्हाई. पण मूळ तिथल्याच इहिरीत आसंल तर साफ करून काय उपेग? गावाला शंका हाय. शंका फिटंपर्यंत वस्तीची लाइन बंद राहू द्या."

आत्याबाई उठल्या. इतक्या ताठ उठल्या की मला भीतीच वाटली.

"शंका फेडते. इहीर उपसून दाखवते. तळ बघा डोळ्यानं. एक जरी शिंपला निघाला तर नळ नगं आमाला. न्हाई निघाला तर आदी वस्तीची लाइन."

"कबूल," अप्पा म्हणाले. एवढ्या लगेच म्हणाले, तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

घरी येऊन मी त्यांच्याशी भांडले. "आत्याबाई, एवढंच पाणी आहे. पाऊस नाही, झरे बसलेत. उपसलं तर परत भरायचं कशानं? बादली सोडून बघू द्या, गळ टाकू द्या, हवं तर माणूस उतरवू द्या."

"मानूस उतरला तर म्हनतील, नीट बघितलं न्हाई. ह्येंना तळच दाखवला पायजे."

"आणि प्यायचं काय?"

"नळ येईल की." मग आवाज उतरला. "अंगनवाडी, माझी माय त्या काठाला बसून मेली गं. आता म्हनून राहिलेत, हिच्या हातानं तलाव बाटला. ह्यो डाग घिऊन मी पानी पिऊ?"

मी वस्तीतल्या पोरांना सांगून बघितलं. उलट त्यांना जोर चढला. इज्जतीचा प्रश्न झाला, आणि इज्जतीच्या प्रश्नात आमची माणसं घरदार विसरतात.

उपशाच्या दिवशी सगळं गाव वस्तीत आलं. एरवी मतं मागायलाच येतात. भुजंगनं मोटार लावली. पाणी नाल्याकडे वाहायला लागलं. आम्ही बायांनी हंडे, बादल्या, टोपं, अंगणवाडीची खिचडीची पातेलीसुद्धा भरून घेतली. भरून भरून किती भरणार? बाकीचं पाणी वाळूत गेलं. वरच्या आळीचे लोक कठड्यावर वाकून खाली बघत होते. आत्याबाई बाजूला दगडावर बसल्या होत्या, तेच पांढरं लुगडं नेसून.

मोटारीनं हवा ओढली. तळ उघडा पडला. गाळ, एक गंजलेला पोहरा, पोरांचा चेंडू. भुजंग दोर धरून उतरला, त्यानं गाळ हातानं चाळला, कपारी चाचपल्या.

"न्हाई!" तो आतून ओरडला. "एक बी न्हाई! साफ हाय!"

वस्तीत शिट्ट्या वाजल्या. पोरांनी जयभीमचा गजर केला. आत्याबाई उठल्या आणि पदर सावरून अप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मलप्पा दुकानदारानं मान खाली घातली. तेवढ्या वेळापुरतं मलाही वाटलं की बरं झालं उपसली.

अप्पांनी हात जोडले. "सरजाबाई, गावाचं चुकलं. वस्तीची इहीर गंगेवानी निर्मळ हाय, ह्ये मी सगळ्यांम्होरं सांगतो."

आणि मग त्याच सुरात पुढे म्हणाले, "तलावाचं पानी तर नासलेलं. आमाला दुसरा इलाज न्हाई म्हनून आमी पितो. तुमच्याकडं इतकी साफ इहीर असताना तुमी ते घान पानी कशाला पिता? मी म्हनतो, वस्तीला नळच नगं. यंत्र आदी गावाच्या लाइनी करू द्या. काय मंडळी?"

मंडळींनी माना हलवल्या. का नाही हलवणार? त्यांना पाणी पाहिजे होतं. आमची पोरं ओरडली, कबूल केलं होतं म्हणून. अप्पा म्हणाले, "आरं, तुमच्या भल्याचंच बोलून राहिलो." सगळे गेले. भुजंग मोटार उचलताना माझ्याकडे बघत नव्हता.

विहीर पुन्हा भरली नाही. रात्रीतून गाळावर दोन बादल्या साचायच्या, पुढे एक, पुढे चिखल. टँकर सुरू झाले तेव्हा वस्तीलाही मिळावा म्हणून तालुक्याच्या कचेरीत मी स्वतः गेले. साहेब म्हणाला, तुमच्या ग्रामपंचायतीनंच कळवलंय, वस्तीत शुद्ध पाण्याची स्वतंत्र विहीर आहे, गावासमोर खात्री झालेली आहे. विहीर कोरडी आहे म्हटलं, तर म्हणाला, तसा ठराव आणा. ठराव अप्पांच्या ओसरीवर होतो. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत्याबाई तलावावर जायला लागल्या. आता अडवायला कुणी नव्हतं. तलाव नासल्यावर तो सगळ्यांचा झाला होता. पाणी खूप आत सरकलेलं, काठापासून तिथपर्यंत नुसता शिंपल्यांचा सडा. चप्पल चिखलात रुतायची म्हणून त्या पायाला पोत्याच्या चिंध्या गुंडाळून जायच्या. तरी तळवे फाटायचे. मी जाते म्हटलं की म्हणायच्या, "उपसा मी म्हनलं. मीच आननार."

उन्हाळ्यात जिल्ह्याच्या मागणीनं पुन्हा उचल खाल्ली. ह्या वेळी कलश मुंबईला न्यायचे होते, मंत्र्यांना द्यायला. एका सकाळी अप्पांची जीप वस्तीत आली. आत ओळीनं कलश बसवलेले. आमच्यासाठी एक नवा कोरा आणला होता, नारळासकट.

"सरजाबाई," अप्पा जीपमधूनच म्हणाले, "मागचं सोडा. अख्ख्या भागात तुमच्या इहिरीचं नाव झालंय. पयला मान तिच्या पान्याला."

मी तोंड उघडणार होते. आत्याबाईंनी हातानं मला थांबवलं. कलश घेतला, चिंध्या बांधलेल्या पायांनी विहिरीकडे गेल्या. पोहरा सोडल्याचा आवाज आला, दगडावर आपटल्याचाही आला. परत आल्या, कलशावर नारळ नीट बसवला आणि भुजंगच्या हातात दिला.

भुजंगनं तो हातात तोलला. मग त्यांच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे.

"अप्पा, ह्याच्यात पानी न्हाई."

"इहिरीत हाय ते दिलंय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमीच तळ बघितला न्हवं?"

मला वाटलं, आता तरी ह्या माणसाला लाज वाटेल. अप्पांनी क्षणभर कलशाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठिऊन दे रांगंत. वर नारळ हाय. आत कोन बघतंय?"

भुजंगनं तो रांगेत ठेवला, कुणीतरी हार घातला आणि जीप निघून गेली. आत्याबाईंनी पायाच्या चिंध्या आवळल्या, कोपऱ्यातली घागर उचलली आणि तलावाच्या वाटेला लागल्या.